खिडकीची बाजू

११ जानेवारी

बारक्या,

दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. आपल्या घरातून पत्र आलं की आधी तेच मनात येतं, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकते. मी धडधाकट आहे, गुडघे सोडून. फोन केला असता, पण फोनवर तू 'हं' म्हणतोस, मी चिडते, आणि मग दोघंही हवापाण्यावर बोलून ठेवून देतो. कागदावर निदान माझं वाक्य पुरं होतं.

इमारतीचं सांगायचंय. ज्याच्या मालकीची आहे त्या मंडळाने ती विकायला काढली होती. घेणार होता एक हॉटेलवाला. जिना आणि दर्शनी भिंत तेवढी ठेवणार, बाकी पाडणार. म्हणजे वरचा हॉल, जिथे मी अजून बाबांसारखेच नाटकाचे पडदे जमिनीवर अंथरून रंगवते, तो गेला. खालची मडकेबाईची भट्टी गेली. शाईवाल्या काकांचं हाताने फिरवायचं छापयंत्राचं धूड गेलं. मागच्या खोल्यांमधले बाकीचेही. एवढ्याशा भाड्यात आम्हाला दुसरीकडे जिन्याखालची जागाही कुणी देणार नाही, हे तुला सांगायला नको.

म्हणून वर्षभर आम्ही वारसा समितीच्या मागे लागलो होतो की इमारत जुनी आहे, तिला संरक्षण द्या. अर्ज, खेटे, पुन्हा अर्ज. मडकेबाई म्हणते, 'एवढी माती मळली असती तर गाव उभं राहिलं असतं.' अखेर काल समितीच्या बाई आल्या. माझ्याहून बऱ्याच लहान, हसऱ्या, पायात चालायचे बूट. जिन्याला हात लावून बघितलं, मान डोलावली. भिंतीवर टकटक केलं, मान डोलावली. मग वर हॉलमध्ये आल्या. खाली माझा राजवाड्याचा पडदा अर्धा रंगवलेला होता, तो त्यांनी जपून ओलांडला आणि वर बघितलं.

आणि बोलायच्याच थांबल्या.

जुन्या कागदपत्रांत या हॉलला रंगीत छत असल्याची नोंद आहे म्हणे. ते कधीच पडून गेलं असणार असं समितीने धरलं होतं. 'आणि इथे हे असं, अख्खं!' बाई म्हणाल्या. 'सव्वाशे वर्षं तरी झाली असतील याला.' त्यांचे डोळे भरून आले होते, खोटं नाही सांगत. मंडळाचे सेक्रेटरी नवे आहेत, ते मलाच विचारायला लागले, 'असं काही होतं का हो वर?' म्हणजे हा माणूस आल्यापासून मान वर न करता हिंडतोय.

मी काय केलं? चहा ओतला. सगळ्यांना दिला आणि सगळ्यात शेवटी स्वतः घेतला.

ते छत कुणाचं आहे हे माहीत असलेली माणसं आता दोनच उरली. एक मी. दुसरा हे पत्र वाचतोय.

ताई


२ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे, मीही प्रश्न विचारला नव्हता. आज विचारणार आहे.

निकाल आला. इमारतीला संरक्षण मिळालं, आणि नुसतं नाही, वरच्या दर्जाचं. हॉटेलवाला हात हलवत परत गेला. सेक्रेटरींनी निकालाचं पहिलं पान मोठ्याने वाचलं, आम्ही टाळ्या वाजवल्या, शाईवाल्या काकांनी डोळे पुसले आणि गालाला शाई लावून घेतली. मग सेक्रेटरींनी दुसरं पान वाचलं.

वरचा दर्जा छतामुळे मिळाला आहे. असं छत दुसरं कुठे उरलेलं नाही. त्यामुळे या इमारतीत आता भट्टी नको, धूर नको, वाफ नको, आम्ल नको, उघडे रंग नकोत, पाण्याच्या बादल्या नकोत. थोडक्यात, आम्ही नको. मार्चअखेर खोल्या रिकाम्या करायच्या. लोक वर येतील, बघतील, जातील.

इमारत वाचली, बारक्या, पण आमच्यापासून वाचली.

मडकेबाई म्हणाली, 'हॉटेलवाला बरा होता हो. तो उर्मट होता, त्याच्याशी भांडता तरी येत होतं. ही बाई इतकं गोड बोलून बाहेर काढतेय की रागवायचीही चोरी.'

आता ऐक. तुला सगळं आठवत असेलच, पण मला लिहून काढू दे. मूळ छत गळून गळून खाली आलं होतं. मंडळाकडे नवं करायला काही नव्हतं. बाबा म्हणाले, आम्ही रंगवलेल्या कापडाने झाकून देतो, त्या बदल्यात आम्हाला वर काम करू द्या. तिथून सुरुवात. आपल्यामागून मडकेबाई आली, काका आले, भाडं नावापुरतंच राहिलं. म्हणजे या सगळ्यांच्या डोक्यावरचं छप्पर खरं तर तू रंगवलेलं ते कापड आहे. बाबांनी आखणी केली, मी पार्श्वभूमी भरली, पण लाकडात कोरल्यासारखी ती फुलं, त्यांच्या पाकळ्यांची जाडी, प्रत्येक फुलाखालची सावली, ते सगळं तुझं. तू तेव्हा विशीतला होतास. खाली जमिनीवर कापड पसरून, गुडघ्यांवर बसून ते तू केलंस आणि आज शिकलेली बाई त्याच्यासमोर रडते.

वर चढवून झाल्यावर बाबा जे म्हणाले तेही आठवतं मला. सगळे उभे होते, तू त्यांच्या तोंडाकडे बघत होतास. त्यांनी वर बघितलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, 'सावली उलटी पडलीय.' एवढंच. आणि खरंच, फुलांच्या सावल्या खिडक्यांच्या दिशेने पडल्या होत्या. उजेड येतो तिकडेच सावली! त्यानंतर तू हातात ब्रश धरलेला मी पाहिला नाही. त्या वर्षातच तू गेलास. कामासाठी गेलास असं आम्ही सगळ्यांना सांगत आलो.

तर प्रश्न असा. मी समितीला खरं सांगितलं की हे छत नाही, नाटकाचा पडदा आहे, तर वरचा दर्जा जाईल. जिना, भिंती, खालचं दगडी काम जुनंच आहे, त्यामुळे साधा दर्जा राहील. साध्या दर्जात इमारत विकता किंवा पाडता येत नाही, पण आत काम करता येतं. आम्ही राहू. मात्र तुझं छत मग कुणाच्या लेखी काही राहणार नाही. काढून टाकायचं म्हणाले तर टाकतीलही. आणि ती उलटी सावली पुन्हा चारचौघांत निघेल.

तुला विचारल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही. पण लवकर कळव.

ताई


२१ फेब्रुवारी

बारक्या,

आलं तुझं उत्तर. चार ओळी. पाकिटाला लावलेलं तिकीट त्याहून मोठं होतं.

'ताई, राहू दे. कुणीतरी जुन्या काळचा माणूस समजून लोक बघताहेत ना, मग बघू दे. माझं नाव काढलंस की माझी चूकही निघेल. एवढं एक काम माझ्याकडून चांगलं झालं असं जगाला वाटतंय, ते तसंच ठेव.'

हे वाचून मी तुझ्यावर इतकी चिडले की ब्रश न धुताच घरी गेले. सकाळी येऊन बघते तर दगड झाला होता त्याचा. तुला उत्तर म्हणून पाठवायला हवा तो.

कारण तुझं ऐकायचं तर काय होणार ते इथे रोज दिसतंय मला. मडकेबाई तिचे साचे वाटत सुटली आहे. भट्टी तिला मोडता येणार नाही, विटा सुटतील पण पुन्हा जुळणार नाहीत. तिला विचारलं पुढे काय, तर म्हणते, 'लेकाकडे जाईन. सुनेचं स्वयंपाकघर फार स्वच्छ आहे.' एवढं बोलून ती बराच वेळ हात धूत बसली. शाईवाल्या काकांची आणखी वेगळी तऱ्हा. त्यांचं यंत्र आत आल्यावर मग दाराची चौकट बसवली होती, त्यामुळे ते बाहेर निघतच नाही. काका त्याला रोज तेल घालतात. सोडून जायचंय त्याला तेल कशाला, असं विचारायचा धीर मला झाला नाही.

आणि मी? माझं विचारू नकोस. माझे पडदे या हॉलच्या लांबीचे असतात. घरी मी रुमाल रंगवू शकेन.

यातलं कुणालाच माहीत नाही की माझ्या एका वाक्याने हे थांबेल. सगळे मला धीर देतात. काल मडकेबाईने माझ्या पाठीवरून हात फिरवला, 'तुझा तर बापाच्या वेळेपासूनचा जीव इथे.' मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तरीही मी गप्प आहे. तू नाही म्हणालास म्हणून. थकले आहे रे मी फार. लहानपणी तू रुसलास की तुझ्या वाट्याचं कामही मीच करायची आणि तुझ्या वाट्याचं बोलणंही. आता होत नाही.

ताई


९ मार्च

बारक्या,

मी शब्द मोडला. आधी ऐकून घे, मग काय बोलायचं ते बोल.

समितीच्या बाई पुन्हा आल्या होत्या, छताला दिवे कसे लावायचे ते बघायला. सोबत दिवेवाला. तो सारखा म्हणत होता की खिडक्यांच्या बाजूने दिवे लावले की फुलं विचित्र दिसताहेत. बाईंनी नीट निरखलं आणि त्या हसल्या. 'सावल्या उलट्या आहेत हो! खिडक्या या बाजूला आणि सावल्याही याच बाजूला. बिचारा. कुणीतरी शिकाऊ असणार. मुख्य कारागिराने बघितलं नसेल.'

बिचारा म्हणाल्या, बारक्या. शिकाऊ म्हणाल्या.

मी पडद्यावर ओणवी होते, तशीच उठले. गुडघा कटकन वाजला, तो दिवेवाल्यालाही ऐकू गेला. मी म्हटलं, 'शिकाऊ नव्हता. माझा भाऊ आहे तो. ते छत त्याने रंगवलंय, इथे, या जमिनीवर, नाटकाच्या कापडावर. मी शेजारी बसून रंग कालवत होते.'

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता चिडतील. त्यांनी माझा हात हातात घेतला. 'मला समजतं,' त्या म्हणाल्या. 'इतक्या वर्षांची जागा सोडायची म्हणजे सोपं नाही. माणूस काहीही बोलून बघतो. पण असं काम आजकाल कुणाला जमत नाही हो.'

म्हणजे मी जन्मात एकदा खरं बोलायला गेले आणि खोटारडी ठरले! दिवेवाला बिचारा छताकडे बघत राहिला, माझ्याकडे बघायची त्याला लाज वाटत होती.

रागाच्या भरात मी विचारलं, 'आणि सिद्ध करून दाखवलं तर?' त्या म्हणाल्या, 'तर मी स्वतः निकाल बदलून आणेन. पण हात लावताना माझ्यासमोर लावायचा. काही फाटलं तर मला रात्रभर झोप लागायची नाही.' मनाने चांगली आहे बाई. चांगल्या माणसांशी भांडायला दुप्पट त्रास होतो.

तू नाही म्हणाला होतास, मी ऐकलं नाही. माफी मागत नाही. तुला कुणी बिचारा म्हणावं हे मला सहन झालं नाही, एवढंच कारण आहे. बाकीच्यांना वाचवण्यासाठी बोलले असं कुणी म्हणेल, तर ते नंतर सुचलं.

ताई


१५ मार्च

बारक्या,

बसून वाच.

आज बाई आल्या. शाईवाल्या काकांनी शिडी धरली, मडकेबाईने काकांना धरलं. वर मीच चढले, कारण कापडाला कुठे हात घालायचा ते मला माहीत. छताच्या कडेने लाकडी पट्टी ठोकलेली आहे, तिच्याखाली कापडाची न रंगवलेली कड दडपलेली. खिडक्यांच्या बाजूला माझा पडदा वाळत होता, म्हणून शिडी समोरच्या भिंतीला लावली. पट्टी सैल केली, खिळे हातात आले आणि कापडाची कड लोंबली. खालून बाई म्हणाल्या, 'कापडच आहे.' त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता.

मी ते ऐकलं आणि ऐकलंही नाही. कारण त्या कडेवर कोळशाने काहीतरी लिहिलेलं होतं. तुझं अक्षर. तुझा तो पाय मोडलेला 'ड'.

'खिडकी.'

मी शिडीवर तशीच उभी. माझ्या तोंडासमोर भिंत, खिडक्या पाठीमागे, हॉलच्या पार त्या टोकाला. आणि भिंतीच्या कडेवर तू लिहिलंयस खिडकी.

काका खालून विचारायला लागले, 'चक्कर येतेय का?' मी म्हटलं, 'नाही, उजेड पडतोय.' त्यांना वाटलं मी भ्रमले.

कापड जमिनीवर असताना ही कड खिडक्यांकडे होती, बारक्या. तू खिडक्यांचा उजेड बघूनच रंगवलंस आणि सावल्या बरोबर आतल्या बाजूला टाकल्यास. वर कसं लावायचं ते चुकू नये म्हणून कडेवर लिहूनही ठेवलंस. मग आपण दोर लावले. चार कोपऱ्यांना चार दोर, एक माझ्या हातात होता. बाबा मधे उभे राहून ओरडत होते, 'खिडकीकडची कड आधी उचला, पलीकडे घ्या!' छताला लावायचं कापड तोंड खाली करून वर न्यावं लागतं. बाबांनी ते खिडकीकडून भिंतीकडे पालथं करायला लावलं. खिडकीची कड भिंतीशी गेली, भिंतीची खिडकीशी. बाबांनी आयुष्यभर उभे पडदे टांगले. उभा पडदा नुसता वर ओढायचा असतो, पालथा करायची भानगडच नाही. त्यांच्या डोक्यातच आलं नाही, आणि आपल्या तर बाबांच्या पुढे काही यायचंच नाही.

चूक तुझी नव्हती. कधीच नव्हती. सावली बरोबर होती, कापड उलटं लागलं.

मी शिडीवरच रडले. मडकेबाईला वाटलं छत सुटलं म्हणून. खाली उतरून सगळ्यांना समजावून सांगितलं. बाईंनी रुमाल जमिनीवर पसरला, उचलून पालथा करून बघितला, पुन्हा केला, आणि म्हणाल्या, 'अगं बाई.' मग वहीत तुझं नाव लिहून घेतलं. पूर्ण नाव. अक्षर अन् अक्षर विचारून.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. बाबा शेवटी शेवटी काम करत नव्हते, पण रोज यायचे. खिडकीखाली स्टूल टाकून वर बघत बसायचे. मला वाटायचं, अजून तुझ्या चुका शोधताहेत, आणि मला त्यांचा राग यायचा. एकदा त्यांनी रुमाल घेतला आणि मांडीवर तो उलटा सुलटा करत बसले. मी म्हटलं, 'बाबा, घडी घालायचीय का?' तर म्हणाले, 'नाही गं. बघतोय.' आज बाईंचा रुमाल बघितला आणि मला ते आठवलं. कळलं असेल का रे त्यांना? कळलं असेल तर बोलले का नाहीत? तुझा पत्ता त्यांच्या खिशात असायचा. मी त्यांना माफ करायचं की नाही ते अजून ठरवलेलं नाही. तू काय ते तुझं ठरव.

ताई


३० मार्च

बारक्या,

निकाल बदलला. साधा दर्जा. बाईंनी शब्द पाळला, समितीत त्यांचं बरंच हसं झालं म्हणे, तरी पाळला. मडकेबाई वाटलेले साचे परत मागत दारोदार हिंडतेय आणि लोक द्यायला कां कू करताहेत. काकांनी यंत्राला तेल घातलं, या वेळी शिट्टी वाजवत. सगळं पूर्वीसारखं झालं असं समजू नकोस. भाडं थोडं वाढणार आहे, सेक्रेटरी आता मान वर करून हिंडतात आणि त्यांना जिथे तिथे भेगा दिसतात. मला तर आनंद करायचंही त्राण उरलेलं नाही. परवा दुपारी रंगाच्या डब्याला टेकून झोपले होते मी.

छत तपासायला म्हणून खाली उतरवलं होतं. समितीला ते नको आहे, मंडळाला चालेल, 'तुमचं तुम्ही बघा' म्हणाले. ते आत्ता हॉलमध्ये जमिनीवर पसरलेलं आहे. खिडकीची कड खिडक्यांकडे ठेवून मी ते अंथरलं. दुपारी ऊन आत आलं तेव्हा मी दाराशी उभी होते. फुलं उठून उभी राहिली, बारक्या. प्रत्येक पाकळी. मडकेबाई चपला काढून आत आली आणि कडेने चालली, उगीच फुलांवर पाय पडेल म्हणून.

आता ते वर चढवायचं आहे. पालथं कसं करायचं ते मी रुमालावर इतक्यांदा करून बघितलंय की रुमाल विरला. चार दोर लागतात. मी, मडकेबाई आणि काका, आम्ही तिघं आहोत. काका म्हणाले, चौथा दोर खुंटीला बांधू, काम भागेल. सेक्रेटरी म्हणाले, मी धरतो. मी दोघांनाही नाही म्हटलं.

तोवर माझं काम बंद आहे. जमीन अडलेली आहे आणि शाळेच्या नाटकाचा राजवाडा गुंडाळून भिंतीला उभा केलाय. मास्तर रोज चौकशी करतात. मी त्यांना सांगितलंय, भाऊ यायचाय.

ताई